उतारशाळेचा रखवालदार : दान आणि कारभार यांविषयी एक अभ्यास



वार्षिक अहवालाचा बहुतांश भाग आकड्यांनी व्यापलेला असतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, जमा किती आणि खर्च किती, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे व ते पुढील पृष्ठांवर यथास्थित दिलेले आहे. परंतु ज्या श्रद्धेतून हे कार्य उभे राहिले तिचा विचारही वर्षातून एकदा व्हावा, या हेतूने अहवालाची काही पृष्ठे अभ्यासासाठी राखून ठेवलेली आहेत. या वर्षी आम्ही 'दान आणि कारभार' हा विषय घेतला आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेतले. धर्मशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. मात्र इतरांनी दिलेला पैसा हाताळण्यात आमचे आयुष्य गेले आहे, आणि त्या अनुभवाच्या प्रकाशात पवित्र शास्त्र वाचताना जे दिसले ते आपणांपुढे ठेवीत आहोत. आमचे अनेक देणगीदार व बहुसंख्य रुग्ण अन्य धर्मांचे आहेत. त्यांनाही यात आपले काही सापडेल, अशी आशा आहे.

१. दोन दिनार आणि एक शब्द

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशास मारून अर्धमेला टाकले. याजक दुसऱ्या बाजूने निघून गेला, लेवीही निघून गेला. शोमरोनी मात्र थांबला, त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणले. दानधर्मावरील प्रवचने बहुधा येथेच संपतात. दृष्टान्त मात्र येथे संपत नाही.

दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दिले, या मनुष्याची काळजी घेण्यास सांगितले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना आपण तो भरून देऊ, असा शब्द दिला. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी होय, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून आपणांस ठाऊक आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी रोख आणि उरलेल्या खर्चाची हमी, असा हा व्यवहार झाला.

शोमरोनी पुढे निघून गेला. आता उतारशाळेत तीन गोष्टी उरल्या : एक जखमी मनुष्य, दुसऱ्याचे पैसे, आणि ते पैसे ज्याच्या हाती आहेत तो रखवालदार. देणारा समोर नाही. ज्याच्यासाठी दिले तो बोलण्याच्या स्थितीत नाही. हिशेब तपासणारेही कोणी नाही. रखवालदाराने त्या पैशांतून रुग्णास वेळेवर अन्न, पाणी व औषध दिले की नाही, हे दृष्टान्तात सांगितलेले नाही. परंतु जखमी मनुष्य वाचला किंवा दगावला असेल, तर तो त्या रखवालदाराच्या हातून. शोमरोन्याच्या करुणेला फळ यायचे की नाही, हे त्यानंतर सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून होते.

धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त, प्रशासक, लेखापाल आणि खिडकीवर बसणारा कारकून या सर्वांची जागा त्या रखवालदाराची आहे. म्हणून या अभ्यासात आम्ही दात्याचा विचार थोडक्यात व रखवालदाराचा विचार विस्ताराने करणार आहोत.

२. धनी कोण?

'कारभारी' हा शब्द मराठी माणसास नवा नाही. संस्थानांत व पेशवाईत कारभारी असत. आजही आपल्या खेड्यांतून गृहिणी पतीचा उल्लेख 'कारभारी' असा करते. या शब्दातच एक मर्यादा आहे. कारभारी कितीही मोठा असला तरी तो धनी नव्हे. दुसऱ्याच्या वतीने व दुसऱ्याच्या हितासाठी तो व्यवहार पाहतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दही घराची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाचाच वाचक आहे.

पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, ही चोविसाव्या स्तोत्राची शिकवण होय. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस बजावलेले आहे की, जमीन परमेश्वराची असून ते तिच्यावर केवळ उपरे व प्रवासी आहेत. त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्यास अशी आज्ञा आहे की, कापणीच्या वेळी शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत. रूथ ही परदेशी विधवा याच नियमाच्या आधारे बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, तो सरवा तिला शेतकऱ्याने उपकार म्हणून दिलेला नव्हता. नियमाने तो तिचाच होता.

आपला कायदाही निराळ्या भाषेत हेच सांगतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नोंदलेल्या न्यासाची मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, परंतु तिचा उपभोग त्यांचा नसतो. दरवर्षी हिशेबांची तपासणी होऊन लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयास सादर करावा लागतो. कित्येकांस हा केवळ कागदी जाच वाटतो. आम्हांस मात्र त्यात एका जुन्या शिकवणीचा प्रतिध्वनी ऐकू येतो : जे हाती आहे ते आपले नव्हे, आणि ज्याचे आहे तो एक दिवस हिशेब विचारणार आहे.

३. दात्याविषयी थोडेसे

मार्काच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक त्यात पैसे कसे टाकतात हे पाहत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. तिने सर्वांहून अधिक टाकले, असे प्रभूने शिष्यांस सांगितले, कारण इतरांनी आपल्या समृद्धीतून दिले व तिने आपल्या उपजीविकेतून. जमाखर्चाच्या वहीत हे गणित बसत नाही. वहीत दिलेली रक्कम लिहिली जाते. दिल्यानंतर देणाऱ्याजवळ किती उरले, हा रकाना तिच्यात नसतो.

असे दान आजही होते. मिझोराममधील ख्रिस्ती कुटुंबांत शतकाहून अधिक काळ एक प्रथा चालत आलेली आहे. गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ मंडळीसाठी निराळा काढून ठेवते. तो तांदूळ गोळा करून विकला जातो आणि त्यातून मंडळीच्या कार्यास मोठा आधार मिळतो. एका मुठीने घरच्या पातेल्यात फारसा फरक पडत नाही, पण रोजच्या स्मरणाने दान हे त्या घराचे वळण होऊन जाते.

दात्यांस सावध करणाऱ्या दोन कथाही शास्त्रात आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या व सप्पीरा यांनी जमीन विकून आलेल्या पैशांतील काही भाग मागे ठेवला आणि सर्व दिल्याचा देखावा केला. पेत्राने त्यांस स्पष्ट सांगितले की, जमीन त्यांचीच होती व पैसाही त्यांच्याच अधिकारात होता. त्यांचा दोष कमी देण्याचा नव्हता, तो खोट्या श्रेयाचा होता. दुसरी कथा यरीहोच्या जक्कयाची. जकातदारांचा मुखिया असलेल्या या मनुष्याने अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे जाहीर केले आणि ज्यांस फसविले असेल त्यांस चौपट परत करण्याचेही मान्य केले. दान केल्याने अन्यायाने मिळविलेला पैसा शुद्ध होत नाही. ज्याचे त्यास परत करणे हाही उदारतेचाच भाग आहे.

आमच्या रुग्णालयाच्या भिंतींवर देणगीदारांच्या व त्यांच्या दिवंगत आप्तांच्या नावांच्या फरश्या आहेत. कृतज्ञतेची ती एक रीत आहे आणि ती आम्ही चालूच ठेवू. तथापि, ज्यांनी पाकिटावर नावही न लिहिता पैसे दिले, त्यांची फरशी कोठेच नाही. त्यांचे ऋण येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

४. पौलाचा जमाखर्च

आता कारभाराकडे वळू. प्रेषित पौल हा थोर उपदेशक होता, हे सर्वांस ठाऊक आहे. तो पैशाच्या व्यवहारात किती दक्ष होता, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. यरुशलेमच्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी त्याने दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात त्याने सांगितले की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर घाईने वर्गणी करावी लागणार नाही. आणि ती रक्कम मंडळीने स्वतः पसंत केलेल्या माणसांच्या हातीच यरुशलेमास पाठविली जाईल.

दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. तीताबरोबर तो असा एक बंधू पाठवितो की ज्याची निवड मंडळ्यांनी केली होती. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये, आणि आपला व्यवहार प्रभूच्या दृष्टीने तसाच मनुष्यांच्याही दृष्टीने चोख असावा, हे कारण त्याने स्वतःच दिले आहे. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी कोणास शंका होती असे दिसत नाही. तरीही त्याने एकट्याने पैसे नेण्याचे नाकारले. "आमच्यावर विश्वास नाही का?" असा प्रश्न हिशेब विचारणाऱ्यास करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा अध्याय वाचावा, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

याहून जुने उदाहरण दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. योआश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी लोकांकडून आलेला पैसा याजकांच्या स्वाधीन केला होता. राजाच्या कारकीर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी डागडुजी झाली नव्हती. पैसा कोणी खाल्ला, असे शास्त्र म्हणत नाही. काम झाले नव्हते, एवढेच म्हणते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणास भोक पाडले व ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत, थैल्यांत बांधीत आणि थेट काम पाहणाऱ्यांच्या हाती देत. त्यांतून सुतार, गवंडी व पाथरवट यांची मजुरी दिली जाई, लाकूड व घडीव दगड विकत घेतले जात. त्या पैशांतून मंदिरासाठी चांदीची पात्रे करण्यात आली नाहीत, असेही तेथे मुद्दाम नोंदविलेले आहे.

दोघांनी मिळून मोजणे, ज्या हेतूने पैसा आला त्याच हेतूस तो लावणे, आणि पैसा पडून न राहता कामापर्यंत पोहोचणे, ही तीन तत्त्वे कोणत्याही लेखाशास्त्राच्या पुस्तकात शोभावीत अशी आहेत. पहिली दोन आम्ही नोकरीच्या आरंभीच शिकलो. तिसरे शिकण्यास आम्हांस फार वर्षे लागली, आणि त्याची किंमत आम्ही दिली नाही, दुसऱ्याने दिली.

५. पुरून ठेवलेला तलांत

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात परदेशी जाणारा धनी आपल्या तीन दासांस अनुक्रमे पाच, दोन व एक तलांत सोपवितो. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, मजुराच्या जवळजवळ वीस वर्षांच्या मजुरीइतकी रक्कम. पहिल्या दोघांनी ती वापरात आणली. तिसऱ्याने जमिनीत खड्डा खणून पुरली आणि धनी परत आल्यावर जशीच्या तशी पुढे ठेवली. त्याने एक दमडीही चोरली नाही. कोणत्याही लेखापरीक्षकाने त्याच्या हिशेबावर निर्दोष असाच शेरा दिला असता. धन्याने मात्र त्यास दुष्ट व आळशी म्हटले. त्या दासाच्या मनात भय होते, आणि त्या भयालाच तो सावधपणा समजत होता.

आम्ही त्या दासाच्या जागी एकदा उभे राहिलो आहोत. ती हकीकत येथे सांगणे उचित होईल.

मार्च २०१८ च्या अखेरची ही गोष्ट. बुधवारी २८ तारखेस सायंकाळी एका शेतमजूर कुटुंबाने घरातील वृद्ध गृहस्थांस आमच्याकडे आणले. ते अंगणात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली. खर्चाचा अंदाज ऐकून सुनेने खिडकीवर विचारले की काही सवलत मिळेल काय. कारकुनाने नियमाप्रमाणे उत्तर दिले : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा. गुरुवारी महावीर जयंती, शुक्रवारी उत्तम शुक्रवार. दोन्ही दिवस शासकीय कचेऱ्या बंद. शनिवारी वर्षअखेर, मग रविवार. सेतू केंद्रात अर्ज द्यायचा तरी सोमवार उजाडणार होता, आणि रोज खाटेचे व औषधांचे बिल वाढत होते. शुक्रवारी दुपारी आम्ही चर्चमध्ये उपासनेस बसलो असताना त्या कुटुंबाने 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' या कागदावर अंगठा उठविला आणि वृद्धास टेम्पोत घालून घरी नेले.

शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही वर्षाचे हिशेब बंद केले. निर्धन रुग्ण निधीत बरीच शिल्लक होती. ती पाहून आम्हांस समाधान वाटले, हे आम्ही लपवीत नाही. आमच्या नजरेस ती काटकसरीची खूण होती.

दोन आठवड्यांनी आमच्या वैद्यकीय समाजसेविका अन्य कामासाठी त्या भागात गेल्या असताना त्यांस ते गृहस्थ ओसरीवर बाजेवर पडलेले आढळले. पाठीस शय्याव्रण झाले होते. रुग्णवाहिका पाठवून त्यांस परत आणले आणि शस्त्रक्रिया विनामूल्य झाली. प्राण वाचले, पण ते पुन्हा आधाराशिवाय चालू शकले नाहीत. त्यांच्या सुनेने आम्हांस एवढेच विचारले, "साहेब, हे पैसे तेव्हा नव्हते का?"

पैसे तेव्हाही होते. नियमाचाही अडसर नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशान्वये, अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना ठरविण्यात आली आहे. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात आणि रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. अशा रुग्णांकडून अनामत रक्कम मागायची नसते, आणि तातडीच्या प्रसंगी रुग्णास त्वरित दाखल करून जीवरक्षक उपचार द्यायचे असतात. दाखला लागतो, हे खरे. परंतु उपचार सुरू करून तो सोमवारी मागविण्यास आम्हांस कोणी मनाई केली नव्हती. आम्ही तो निधी रकमेच्या भयाने व कागदाच्या आधाराने पुरून ठेवला होता. तो सरवा त्या कुटुंबाचा होता आणि शेताच्या कडेला कुंपण आम्ही घातले होते.

६. खिडकीवर कोण सुटते?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील एक तक्रार नोंदविलेली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. अन्न होते, वाटपही होत होते, पण ज्यांची भाषा निराळी त्या वगळल्या जात होत्या. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांस गप्प बसविले नाही. त्यांनी लोकांस सात माणसे निवडावयास सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातीलच माणसे वाटपावर नेमली गेली असावीत, असे त्यावरून दिसते.

रुग्णालयाच्या खिडकीवरही एक निराळीच भाषा बोलली जाते : अर्ज, दाखला, अंदाजपत्रक, मंजुरी. जो ती जाणतो त्यास सवलत मिळते, आणि जो जाणत नाही तो बहुधा सर्वांत गरजू असतो. या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही चार बदल केले. सवलतीच्या योजनेची माहिती सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत, दाखल करून घेण्याच्या खिडकीजवळच लावली. डॉक्टर व समाजसेविका यांच्या शिफारशीवर उपचार सुरू व्हावेत व कागदपत्रे रुग्णास घरी सोडण्यापूर्वी पूर्ण करावीत, असे ठरविले. समाजसेविकांशी बोलणे झाल्याशिवाय पैशांअभावी कोणाही रुग्णास 'स्वतःच्या जबाबदारीवर' जाऊ देऊ नये, असा नियम केला. सुटीच्या दिवशी व रात्री हा अधिकार कर्तव्यावरील अधिकाऱ्यास दिला. आणि विश्वस्तांपुढे येणाऱ्या मासिक पत्रकात आता निधीची शिल्लक लिहिताना ती का उरली, हेही लिहावे लागते.

यामुळे चुका थांबल्या, असा आमचा दावा नाही. मात्र आता त्या पत्रकात दिसतात.

७. राखून ठेवणे व पुरून ठेवणे

मग शिल्लक ठेवूच नये काय, असा प्रश्न विश्वस्त विचारतील, आणि तो रास्त आहे. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठविला म्हणूनच दुष्काळात लोक जगले. साठविणे हा दोष नव्हे. योसेफाने कोठारे कशासाठी भरली हे त्यास ठाऊक होते, आणि वेळ येताच त्याने ती उघडली.

आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच जातीचे आहे. १८८७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. दहा वर्षांनंतर काय, हा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट न पाहता केला. त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली आणि संस्थेस स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून तेथे फळबाग करण्याचे योजिले. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींस घेऊन आल्या. उत्पन्नासाठी घेतलेली ती जमीनच त्या मुलींचे आश्रयस्थान झाली. मुक्ती सदन तेथे उभे राहिले. भविष्यासाठी राखून ठेवलेले त्यांनी भुकेच्या वेळी मोकळे केले, आणि त्याबरोबरच मुलींस विणकाम, छपाई यांसारखे उद्योग शिकवून संस्थेचा पायाही सांभाळला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे वाचक आणखी एक जोडी ओळखतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात सदा देता, आणि घरात उद्याचे काय, ही चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याची. वाचताना आपण टिळकांच्या औदार्याने भारावतो; पण त्या घराची चूल लक्ष्मीबाईंच्या शहाणपणावर पेटत राहिली, हेही विसरू नये. प्रत्येक संस्थेस दोन्ही स्वभावांची माणसे लागतात, आणि त्यांनी एकमेकांचे ऐकावे लागते.

देणगीदारांच्या माहितीसाठी सांगतो की, आमच्याकडे येणारा पैसा तीन प्रकारचा असतो. कायम निधीतील मुद्दल खर्च करता येत नाही, केवळ त्याचे व्याज वापरले जाते. विशिष्ट हेतूने दिलेली देणगी त्याच हेतूस लावावी लागते. उरतो तो सर्वसाधारण निधी. त्यातून विजेचे देयक, प्राणवायू, धुलाई, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि यंत्रांचे वार्षिक देखभाल करार भागतात. या खर्चांवर कोणाच्या नावाची फरशी बसत नाही, त्यामुळे या निधीस देणगीदार कमी मिळतात. परंतु देखभालीअभावी बंद पडलेले देणगीचे यंत्र हाही पुरलेला तलांतच होय.

८. तो परत येणार आहे

शोमरोन्याने रखवालदारास शब्द दिला होता की, मी परत येईन. या वाक्यात विश्वास आहे, तसाच एक इशाराही आहे. तो उरलेला खर्च देण्यासाठी परत येणार होता, पण आल्यावर त्याची नजर प्रथम त्या जखमी मनुष्याच्या खाटेकडे गेली असती, यात आम्हांस शंका नाही.

देणगीदारांस आमची विनंती आहे की, आपणही परत यावे. पावती मिळाली म्हणजे आपले काम संपले, असे मानू नये. कक्षांतून फिरावे, निधीचा विनियोग विचारावा, आमच्या शिल्लक रकमेचे कारण मागावे. विश्वस्तांनी आम्हांस पौलाच्या बंधूप्रमाणे साथ द्यावी. आणि रुग्णांच्या कुटुंबीयांस सांगणे असे की, खिडकीवर सवलतीविषयी विचारताना संकोच करू नये. आपण भीक मागत नाही. आपल्यासाठीच ठेवलेल्या वस्तूची चौकशी करता. एका खिडकीवर नकार मिळाला तर समाजसेवा विभागात यावे, तेथेही अडचण आली तर थेट आमच्या दालनात यावे.

 मिळालेल्या दानाचा कारभार निष्ठेने करण्याची बुद्धी परमेश्वराने आम्हांस द्यावी, ही प्रार्थना.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लूक अध्याय १० मधील दृष्टान्त रखवालदाराच्या बाजूने पुन्हा वाचा. आपल्या हाती दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेले काय आहे?

२. आपल्या घरात, मंडळीत किंवा संस्थेत केवळ भयामुळे पुरून ठेवलेले असे काही आहे काय? ते कोणाच्या उपयोगी पडू शकेल?

३. आपल्या वाटपात कोणाची 'भाषा' आपणांस कळत नाही? त्यांच्यापैकी कोणास आपण निर्णयात सामील करून घेतले आहे?

४. आपण शेवटची देणगी दिल्यानंतर तिचे पुढे काय झाले, हे पाहण्यास आपण परत गेलो होतो काय?